एकोणीस

सागरेश्वरच्या किनाऱ्यावर पहाटे सव्वापाचला
सुरूच्या झाडांखाली पादत्राणं ओळीत काढलेली असतात.
अठरा जोड त्यांचे,
आणि माझ्या चपला, ऑफिसच्या, टाचेला झिजलेल्या.

पोलीस भरतीची पोरं ही. पाय हरणाचे, पोटं नाहीतच.
मी बेचाळीस वर्षांची. वेंगुर्ल्याच्या पोस्टात खिडकी नंबर दोन.
डॉक्टर फक्त म्हणाले होते, चाला.
चालायचं सोडून मी इथे का आले,
हे घरात अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

रेडकर सर नेव्हीतून निवृत्त, आवाज अजून ड्यूटीवर.
मला वरपासून खालपर्यंत बघून एवढंच विचारलं,
"काय खावन नाय ना इलात?"

खाल्लं नव्हतं, पण रात्रीची सोलकढी होती पोटात.
दुसऱ्या फेरीला ती वाळूवर आली, गुलाबी.
एक पिटुकली कुर्ली येऊन चौकशी करून गेली.
"ओल्या वाळूवरून पळा, कोरडी पाय खाते!"
हे सर ओरडले तोवर
माझे पाय पोटरीपर्यंत खाऊन झाले होते.

दुसऱ्या दिवशी घराचा जिना मी उलटी उतरले,
कठडा धरून, लहान मूल उतरतं तशी.
पोस्टात शिक्का उचलला की खांद्यातून कळ.
दर पाकिटामागे एक शिवी,
मनातल्या मनात, पिनकोडसकट.

तिसऱ्या दिवशी रापणीचा जुना दोर कमरेला,
मागे ट्रकचा टायर.
टायर जागचा हलला नाही असं मी म्हणणार नाही.
हलला. तळहातांना बांगड्याचा वास राहिला
आणि दुपारभर पोस्टातलं मांजर माझ्याच टेबलाखाली.

चौथ्या दिवशी गजर वाजला, मी बंद केला.
अंगावर गोधडी ओढताना वाटलं, संपलं,
झाकली मूठ.

अकरा वाजता खिडकीत हर्षाली केळुसकर. स्पीड पोस्ट, पुणे.
पाकीट काट्यावर ठेवत म्हणाली,
"मॅडम, तुमच्या वाटचे आज आमी मारले.
एक जण नाय इलो तर सगळ्यांका वीस जादा."
आवाजात राग नव्हता.
चुकून जास्त आलेले सुटे परत करावेत, तसं सांगितलं तिने.

अठरा गुणिले वीस, तीनशे साठ.
पोस्टातली बाई मी, हिशेब आपोआप होतो.
पावती फाडताना तिची तारीख वाकडी उमटली.

पाचव्या दिवशी चपला ओळीत ठेवल्या, शेवटच्या.
कुणी काही बोललं नाही.
सर मोजायला लागले,
छाती वाळूला, हातांवर वर, छाती वाळूला.
अठराला माझे हात संपले.

"एकोणीस," सर म्हणाले.
मी खालीच.

"एकोणीस."
बाकीचे वर, हातांवर तोललेले, खाली येईनात.
शेजारी हर्षालीची कोपरं थरथरत होती,
नाकाच्या शेंड्यावरून घाम एकाच जागी पडून
वाळूत बारीक भोक.

"एकोणीस."
समुद्रातल्या खडकावरच्या दिव्याने एक फेरी पुरी केली.
सरांना जणू पुढचा आकडा कधी शिकवलाच नव्हता.

चार वाजून एक मिनिट झालं
की मी खिडकी बंद करते. वीस वर्षं.
बाहेर कोण, किती, कुठून चालत आलेलं,
बघत नाही.

"सावकाश, मॅडम," पलीकडून कुणीतरी पुटपुटलं,
"आमी आसंव."

कोपर वाकडं, पाठ उपडी घातलेल्या होडीसारखी,
कुठल्याच तक्त्यात न बसणारं
एक वर येणं आलं.

सर त्यानंतर वीस म्हणाले की नाही,
आठवत नाही.
कानात वाळू होती.